भरतीरेषा आणि बांध : किनाऱ्याच्या राखणीची शासकीय परिभाषा

१.

किनाऱ्याच्या संरक्षणाचा इतिहास सामान्यतः कायद्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अधिसूचना, दुरुस्त्या, न्यायालयीन निवाडे आणि समित्यांचे अहवाल यांच्या कालानुक्रमातून तो सिद्ध होतो. हा इतिहास तितकाच शब्दांचाही आहे. पाणी आणि जमीन यांच्यामधल्या अनिश्चित पट्ट्याला राज्यसंस्था कोणते नाव देते, यावर त्या पट्ट्यात कोणाचा अधिकार मानला जातो आणि कोणाचे श्रम नोंदीत येतात हे ठरत असते. कोकण आणि गोमंतक येथील काही शासकीय संहितांच्या आधारे या परिभाषेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाचा आरंभबिंदू समुद्रापासून फार दूर, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातही सापडतो. 'पारा' हा मराठी 'पाडा' या शब्दाचा सगोत्र; समूहाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीचा तो वाचक आहे. या जुन्या वस्तीच्या लगत कंकाली तलाव आहे आणि काही अंतरावर बुढा तलाव, ज्याचे आजचे अधिकृत नाव विवेकानंद सरोवर. चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरात (१८७०) बुढा तलाव किल्ल्याइतकाच जुना असल्याचे, त्याचा मूळ विस्तार सुमारे एक चौरस मैल असल्याचे आणि पुढे सुधारणांच्या ओघात तो कमी करण्यात आल्याचे नमूद आहे. कंकाली तलावाच्या दगडी बांधणीचे श्रेय परंपरा महंत कृपालगीर यांना देते. छत्तीसगढीत तळ्याला 'तरिया' आणि त्याच्या मातीच्या बांधाला 'पार' म्हणतात. गॅझेटिअरच्या नोंदीत क्षेत्रफळ आहे, बांधणाऱ्याचे नाव आहे. पण पार वर्षानुवर्षे राखणाऱ्यांसाठी त्या नोंदीत रकाना नाही.

हीच रचना कोकणच्या नोंदींतही आढळते, आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. कुलाब्याचे आंग्रे संस्थान १८४० मध्ये आणि नागपूरकर भोसल्यांचे राज्य, ज्यात रायपूरचा समावेश होता, १८५४ मध्ये औरस वारस नसल्याच्या कारणावरून कंपनी सरकारने खालसा केले. दोन्ही प्रदेशांत मराठी दप्तर मागे राहिले आणि त्यावर इंग्रजी गॅझेटिअर उभे राहिले : मध्य प्रांताचे १८७० मध्ये, कुलाबा जिल्ह्याचे १८८३ मध्ये. एका परिभाषेतून दुसऱ्या परिभाषेत जाताना काय टिकले आणि काय गळाले, हे पाहण्यासाठी समुद्रकाठ अधिक उपयुक्त ठरतो. तेथे काठ दिवसातून दोनदा हलतो आणि त्याची व्याख्या करणे राज्याला टाळता येत नाही.

२.

मराठीतील राज्यविषयक लेखनात किनाऱ्याच्या साधनसंपत्तीचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५-१६) स्पष्टपणे आला आहे. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाची चर्चा आहे. सागवानादी वृक्ष हुजूरच्या परवानगीने तोडावेत आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे, असे तेथे सांगितले आहे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. तथापि त्यांना हात लावू देऊ नये, अशी आज्ञा आहे. या आज्ञेमागील कारण महत्त्वाचे आहे. ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती दीर्घकाळ लेकराप्रमाणे वाढवलेली असतात, ती तोडल्यास रयतेच्या दुःखाला पारावार राहत नाही, असा तो युक्तिवाद आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे; बलात्कार करू नये.

याच्या थोडे आधी, १६६९ मध्ये, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने निघालेल्या वनविषयक आज्ञेनेही नौदलाच्या लाकडाचा प्रश्न हाती घेतला होता. तिने खाजगी वनांतील तोडीवरही राज्याचे नियंत्रण आणले. गरज दोन्हीकडे एकच होती. दोन्ही संहितांची वाक्यरचना मात्र निराळी आहे. फ्रेंच आज्ञेत लाकूड हे राज्याच्या गरजेचे द्रव्य म्हणून येते. आज्ञापत्रात झाडासोबत ते वाढवणारा माणूस आणि त्याने घातलेला काळ येतो. मराठी राज्याचा प्रत्यक्ष व्यवहार या आदर्शाला सर्वत्र धरून होता असा निष्कर्ष त्यावरून काढणे उचित नाही. परंतु राज्यसंस्थेच्या भाषेत श्रमाला एक व्याकरणिक स्थान होते, एवढे या संहितेवरून निश्चित म्हणता येते.

३.

कुलाबा जिल्ह्याच्या खाड्यांकाठी हे स्थान अधिक मूर्त स्वरूपात आढळते. अलिबाग आणि पेण परिसरातील खारेपाट हा भरतीचे पाणी अडवून मिळवलेल्या भातजमिनींचा प्रदेश आहे. या जमिनींच्या धारणापद्धतीला 'शिलोत्र' असे नाव होते. समुद्राकडील मोठा बांध घालून जमीन लागवडीला आणणारा तो शिलोत्रदार. बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर असे आणि त्या बदल्यात सरकारी साऱ्याखेरीज दर बिघ्यामागे एक मण भात त्याला मिळे. जेथे एकटा शिलोत्रदार नसून कुळांनीच एकत्र येऊन ही जबाबदारी उचललेली असे, त्या खाराला 'कुळारग' म्हणत. तेथे केवळ सरकारी देणे द्यावे लागे. नव्याने बांधलेल्या खारासाठी कौल दिला जाई आणि सारा इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढत्या दराने, आकारला जाई. जमीन गोडी होण्यास पावसाळ्यांमागून पावसाळे लागतात, हे ज्ञान या महसुली शब्दातच साठवलेले होते.

या प्रदेशाच्या बोलीत काठ हा एकच नाही. समुद्राकडचा तो बाहेरकाठा, शेताकडचा तो आतकाठा. पाणी सोडण्याची व रोखण्याची दारे म्हणजे उघाडी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येणारी मोठी भरती ते उधाण, आणि उधाणाने बांधाला पडलेले भगदाड ती खांड. यांपैकी प्रत्येक शब्दामागे एक काम आहे. उघाडी वेळेवर लावावी लागते, खांड पुढच्या उधाणाआधी बुजवावी लागते. एकाच्या शेतापुढची खांड ही सर्वांच्या शेतांची हानी असते. म्हणून ती बुजवायला घरटी माणूस लागतो. किनाऱ्याची राखण येथे सामूहिक श्रमाच्या रूपात होत होती.

या व्यवस्थेचे गौरवीकरण मात्र इतिहासाला धरून होणार नाही. शिलोत्र आणि खोती यांच्या सावलीत राबणाऱ्या कुळांचे शोषण तीव्र होते. १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यातील चरी आणि परिसरातील गावांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि शेती पडीक ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९ मध्ये. मराठी कादंबरीत खोती आली ती प्राधान्याने खोताच्या घराच्या बाजूने, श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) हे त्याचे ठळक उदाहरण. बांधावरच्या कुळाचे शब्द साहित्यात क्वचितच आले. ते राहिले बोलीत आणि अर्जांत.

मालकीचा प्रश्न सुटत असतानाच बांधाच्या राखणीचा प्रश्न शासनाकडे आला. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने त्यासाठी मंडळ स्थापन केले आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही व्यवस्था नव्याने मांडली. गावाच्या सामाईक कामाचे रूपांतर 'योजने'त झाले. शिलोत्र हा शब्द व्यवहारातून मागे पडला, आणि बांध कोणी, कधी, कोणत्या मोबदल्यात राखायचा हे एकाच शब्दात सांगण्याची सोयही त्याच्यासोबत गेली.

४.

गोमंतकात याच प्रकारच्या जमिनीला 'खाजन' म्हणतात. कोकणच्या मराठीत 'खाजण'. तेथील बांध, पाण्याचे दार म्हणजे 'मानस' आणि आतील पाणसाठा म्हणजे 'पोय' यांची व्यवस्था गावकारीकडे, म्हणजे ग्रामसंस्थेकडे असे. पोर्तुगीज सत्ता स्थिरावत असताना १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया याने काढलेल्या फोराल या सनदेत गावकारांचे पूर्वापार रिवाज लेखनिविष्ट झाले. राज्यकर्त्यांना त्यातून महसुलाची निश्चिती हवी होती, हे उघड आहे. तरीही रिवाजाची नोंद करताना रिवाज पाळणाऱ्या संस्थेलाही मान्यता द्यावी लागली. पोर्तुगीजांनी तिला 'कोमुनिदाद' म्हटले; या संस्थांची शेवटची संहिता पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या वर्षी, १९६१ मध्ये आली.

गोव्याच्या मुक्तीनंतर १९६४ च्या कूळ कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी जमीन कसणाऱ्याकडे गेली आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कुलाब्याप्रमाणेच येथेही न्याय्य भूमिसुधारणा आणि सामाईक बांधाची राखण यांचा मेळ बसवणे अवघड गेले. दोन प्रदेशांत एक फरक मात्र राहिला. गोव्यात 'खाजन' हा शब्द पोर्तुगीज दप्तरात भाषांतरित न होता टिकला आणि तेथून तो लोकचळवळीच्या व अभ्यासकांच्या भाषेत आला. महाराष्ट्रात 'खार' शासकीय भाषेत राहिला तो एका खात्याच्या नावात. 'शिलोत्र' आणि 'कुळारग' गॅझेटिअरच्या पानांत बंद झाले. या फरकाचे परिणाम एकविसाव्या शतकात दिसून आले.

५.

केंद्र शासनाच्या स्तरावर किनाऱ्याचे नियमन सुरू झाले ते एका पत्रापासून. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामांपासून मुक्त ठेवण्याची सूचना केली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली. तिने ५०० मीटरचा पट्टा चार वर्गांत विभागला. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचे पहिले २०० मीटर हे बांधकामासाठी निषिद्ध ठरले. अधिसूचनेची अंमलबजावणी होत नाही, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये न्यायालयाने राज्यांना किनारा व्यवस्थापन आराखडे सादर करण्यास भाग पाडले.

भरतीरेषा या संकल्पनेला दीर्घ वंशावळ आहे. जस्टिनियनच्या रोमन संहितेत हिवाळ्यातील सर्वांत मोठी लाट जेथवर पोहोचते तेथवर किनारा मानला आहे. फ्रान्सच्या १६८१ च्या नाविक आज्ञेत मार्च महिन्यातील मोठ्या भरतीची मर्यादा ही किनाऱ्याची मर्यादा ठरवली आहे. या व्याख्यांमध्ये निसर्गाचा ऋतू आहे; त्यामुळे काठावरच्या माणसाला आपल्या अनुभवाने ती मर्यादा ओळखता येत होती. आधुनिक अधिसूचनेतील रेषा नकाशावर अधिकृत संस्थेने आखलेली असते. २०१९ च्या अधिसूचनेने तर चेन्नई येथील राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने निश्चित केलेली रेषाच सर्वत्र प्रमाण मानली. एकरूपतेसाठी हे आवश्यक असेल. तथापि त्यामुळे रेषेविषयीचे ज्ञान काठाकडून कार्यालयाकडे गेले.

यावर पहिला संघटित आक्षेप मच्छीमारांकडून आला. २००८ मध्ये किनारा व्यवस्थापन क्षेत्राचा पर्यायी मसुदा प्रसिद्ध झाला आणि मच्छीमार संघटनांच्या विरोधानंतर पुढच्या वर्षी तो मागे घेण्यात आला. ६ जानेवारी २०११ रोजी नवी अधिसूचना निघाली. भाषेच्या दृष्टीने ती लक्षणीय आहे. बृहन्मुंबईसंबंधीच्या विशेष तरतुदींत 'कोळीवाडा' आणि गोव्यासंबंधीच्या तरतुदींत 'खाजन' हे शब्द इंग्रजी संहितेत जसेच्या तसे आले. कोळीवाड्यांच्या नोंदी तपासून त्यांचे नकाशे करावेत आणि त्यांना वेगळ्या वर्गात ठेवावे, असे तीत म्हटले. खाजनजमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा आणि तेथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असेही तीत नमूद झाले.

भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकांना येथे एक महत्त्वाचा धागा मिळतो. 'कोळीवाडा'चे भाषांतर 'मच्छीमार वसाहत' असे करता आले असते आणि 'खाजन'चे 'सखल खारी जमीन'. तसे केले असते तर दोन्ही ठिकाणी भूभागाचे वर्णन उरले असते; त्या भूभागाशी निगडित समूह आणि त्याचा रिवाज निसटला असता. अननुवादित राहिलेल्या शब्दाने विशेष तरतुदीसाठी जागा निर्माण केली. महाराष्ट्राच्या खारेपाटाला अशी तरतूद मिळाली नाही. त्याचा शब्दही त्या संहितेत नव्हता.

६.

शब्दाच्या या अनुपस्थितीची किंमत कांदळवनाच्या प्रश्नात स्पष्ट होते. तिवर, कांदळ, चिपी ही कोकणातील झाडांची नावे. वृत्तपत्रांनी 'खारफुटी' हा समावेशक शब्द रूढ केला आणि शासनाने 'कांदळवन' स्वीकारला. मुंबईच्या खाड्यांत भराव घालून या वनस्पतींचा नाश होत होता. त्यासंबंधीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश दिला : राज्यभर कांदळवनतोडीस मनाई, त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास बंदी, आणि शासकीय जमिनीवरील कांदळवनांना संरक्षित वनाचा दर्जा. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निवाड्याने कांदळवनाचा नाश हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचा भंग ठरवला. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार महाराष्ट्रातील कांदळवनाचे क्षेत्र २०११ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०१९ मध्ये ३२० चौरस किलोमीटर झाले. देशातील किनारा संरक्षणाच्या इतिहासात हे यश निर्विवाद मोलाचे आहे.

खारेपाटात मात्र याच यशाला दुसरी बाजू आहे. बाहेरकाठ्याला खांड गेली आणि ती वेळेत बुजली नाही, तर भातशेतात खारे पाणी शिरते. काही वर्षांत तेथे कांदळ उगवते. एकदा ते उगवले की ते संरक्षित होते. शेतकऱ्याला ते काढून बांध पूर्ववत करता येत नाही. सातबारा उताऱ्यावर भातशेती आणि प्रत्यक्षात वन, अशी ही स्थिती आहे. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने या स्थितीला कायद्याचे रूप दिले. १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा पाण्याचे दार असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते, असे तिने मान्य केले. आणि त्याच तरतुदीत बांधाच्या आत खारे पाणी शिरून वाढलेले कांदळवन, त्याचा विस्तार कितीही असला तरी, सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात टाकले.

पहिल्या अधिसूचनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी बांध संहितेत आला, तो रेषेचा आधार म्हणून. तो कोणी राखायचा आणि न राखल्याने झालेल्या हानीचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी ही तरतूद मौन बाळगते. शिलोत्राच्या व्यवस्थेत खांड हा कोणाच्या तरी कर्तव्यातील कसूर होता. नव्या परिभाषेत तो निसर्गाचा पुनःप्रवेश ठरतो. क्षेत्रफळाच्या आकड्यांतही हा भेद उमटत नाही : राखल्यामुळे वाढलेले कांदळवन आणि बांध फुटल्यामुळे उगवलेले कांदळवन यांची बेरीज एकच होते. कांदळवन हवे की भातशेत, असा पर्याय येथे अभिप्रेत नाही. समुद्राची पातळी वाढत असताना वादळी लाटांचा जोर मोडणारे कांदळवन हे बाहेरकाठ्याचेही रक्षक आहे. प्रश्न आहे तो शेतकऱ्याच्या हानीला नाव देऊ शकेल अशा शब्दाचा. त्याअभावी नुकसानभरपाईच्या अर्जात त्याला आपली बाजू परकीय परिभाषेत मांडावी लागते.

७.

किनाऱ्याच्या परिभाषेतील ही उणीव समुद्रापुरती मर्यादित नाही. २०१७ च्या पाणथळ क्षेत्र नियमांनी पाणथळ जागेची व्याख्या करताना भातशेते वगळली; तसेच पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलसाठे आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठनिर्मिती, मनोरंजन यांसाठी केलेल्या रचनाही वगळल्या. खारेपाटातील बांधलेले भातशेत या व्याख्येत बसत नाही. छत्तीसगढच्या असंख्य तरिया कोणत्या हेतूने खणल्या गेल्या होत्या, यावर त्यांचे संरक्षण अवलंबून राहते. आणि पिणे, सिंचन, स्नान, पूजा या सर्वांसाठी एकाच वेळी वापरल्या जाणाऱ्या तळ्याचा एक हेतू सांगता येत नाही. माणसाच्या हाताने घडलेला काठ संरक्षणाच्या भाषेला आजही अवघड जातो. अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) या हिंदी पुस्तकाने तळी घडवणाऱ्यांची आणि तळ्याच्या अंगांची नावे साक्षेपाने जमवली, तेव्हा शासकीय दप्तरांनी सोडून दिलेल्या कामाचाच एक भाग त्याने केला. कोकणच्या बांधासाठी मराठीत असे पुस्तक होणे शिल्लक आहे.

या विवेचनावरून तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासासाठी एक दिशा सुचते. फोराल, आज्ञापत्र, गॅझेटिअर, अधिसूचना आणि न्यायनिवाडा या संहिता वेगवेगळ्या भाषांत लिहिल्या गेल्या असल्या, तरी त्यांचा विषय एकच ओला पट्टा आहे. त्या शेजारी ठेवून वाचल्यास कोणता शब्द कोठे भाषांतरित झाला, कोठे तसाच राहिला आणि कोठे गळाला, याचा आलेख काढता येतो. कोळीवाडा आणि खाजन यांना २०११ मध्ये जे मिळाले ते शिलोत्राला का मिळाले नाही, याचे उत्तर त्या आलेखात आहे. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे जनसुनावणीसाठी येतात तेव्हा गावकरी बाहेरकाठा, उघाडी, खांड याच शब्दांत बोलतात. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ते शब्द जसेच्या तसे नोंदवले, तर पुढच्या अधिसूचनेच्या मसुद्यात बांधासोबत तो राखणाऱ्याचाही उल्लेख येण्यास किमान आधार राहील.